‘वजावट’ नेमकी कशाची? अपघात भरपाईचे जुने निवाडे वाचण्याआधी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. ती तुम्ही करू नये म्हणून हे लिहितोय.

माझ्या आराखड्यातला प्रश्न साधारण असा होता: विम्याच्या ‘डिडक्टिबल’मुळे मोटार अपघातातल्या जखमींची भरपाई कमी होते का? प्रश्न वाचलेल्या निबंधांतून आला होता आणि ते निबंध बहुतेक अमेरिका-कॅनडाचे होते. मी ‘डिडक्टिबल’चं मराठी ‘वजावट’ केलं आणि सोलापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे निवाडे वाचायला बसलो. वजावट पानोपानी सापडली. एक तृतीयांश वजावट, पेन्शनची वजावट, विम्याच्या रकमेची वजावट. मला वाटलं, खजिनाच लागला! ज्या डिडक्टिबलच्या मागे मी निघालो होतो त्याचा यातल्या एकाही वजावटीशी संबंध नाही, हे कळायला काही महिने गेले.

म्हणून सुरुवात शब्दापासूनच करू.

डिडक्टिबल म्हणजे काय, हे सोलापुरातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. तो हा शब्द वापरणार नाही, ‘फाईल चार्ज’ म्हणेल. गाडी ठोकली, विम्यातून दुरुस्ती केली, तरी हजार किंवा दोन हजार रुपये मालकाला खिशातून भरावे लागतात: १५०० सीसीपर्यंतच्या कारला एक हजार, त्याहून मोठ्या कारला दोन हजार. लोकांना वाटतं हा गॅरेजचा कागदपत्रांचा खर्च आहे. खरं तर पॉलिसीतच लिहिलेला तो मालकाचा हिस्सा असतो, ‘कंपल्सरी डिडक्टिबल’. प्रीमियम कमी करायचा असेल तर हा हिस्सा स्वखुशीने वाढवूनही घेता येतो.

पण हा हिस्सा पॉलिसीच्या ज्या भागात असतो तो ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्या गाडीने ज्याला धडक दिली त्या माणसाच्या भरपाईशी त्याचा संबंध नाही. समजा, पुणे-हैदराबाद रस्त्यावर मोहोळजवळ एका कारने सायकलवाल्याला उडवलं. कारच्या बंपरचा खर्च देताना विमा कंपनी हजार रुपये कापेल. सायकलवाल्याच्या मोडलेल्या पायाची भरपाई देताना असं काही कापता येत नाही.

असं का, याचं उत्तर १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. त्यातलं थर्ड पार्टी विम्याच्या सक्तीचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. कलम ९६ ची रचना थोडक्यात अशी: कायद्याने मोजून दिलेले काही बचाव सोडले, तर पॉलिसीतली मालकावर बंधन घालणारी कुठलीही अट जखमी माणसाविरुद्ध चालणार नाही. कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग वाटल्यास आपल्या ग्राहकाकडून वसूल करावेत. १९८८ च्या नव्या कायद्यात हीच रचना कलम १४९ मध्ये आली. मालक आणि कंपनी यांच्यातला हिशेब त्या दोघांनी मिटवायचा, रस्त्यावर पडलेल्या माणसाला त्यात ओढायचं नाही.

सगळीकडे असं नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ‘वेदना आणि यातना’ या सदराखालच्या भरपाईतूनच कायद्याने ठरवलेली रक्कम कापली जाते. २००३ पासून ती ३० हजार डॉलर होती आणि २०१५ पासून महागाईनुसार दरवर्षी वाढते. गंमत म्हणजे भरपाईचा आकडा ठरवताना ज्यूरीने या कपातीचा विचार करायचाच नाही, असं तिथला कायदा सांगतो. मी वाचलेले निबंध अशा ठिकाणचे होते. तिथे डिडक्टिबल थेट जखमीच्या ताटातून घास काढतं. आपल्याकडे ती वाटच कायद्याने बंद केलेली आहे. परदेशी प्रश्न उचलताना आधी हे तपासा, की तो ज्या कायद्यावर उभा आहे तो कायदा आपल्याकडे आहे का.

मग आपल्याकडे जखमीच्या भरपाईला कात्री लागली नाही का? लागली. पण वेगळ्या ठिकाणी.

डिडक्टिबल रक्कम खालून कापतं, पहिले अमुक रुपये तुमचे. आपल्या जुन्या कायद्यात कात्री वरून होती, अमुक रुपयांनंतर कंपनीची जबाबदारी संपली. १९३९ च्या कायद्यात मालवाहू गाडीसाठी ही मर्यादा २० हजार रुपये होती. १९६९ च्या दुरुस्तीने ती ५० हजार झाली, १९८२ च्या दुरुस्तीने दीड लाख. बसच्या प्रवाशांसाठी माणशी मर्यादा वेगळी आणि त्याहून पुष्कळ कमी. त्यापुढची रक्कम मालकाकडून वसूल करायची. निवाडा हातात आला, ट्रकमालकाच्या नावावर एक जुना ट्रक आणि त्यावर कर्ज, तर त्या वरच्या रकमेचं काय होत असेल याचा अंदाज तुम्ही बांधू शकता. म्हणून १९८९ च्या आधीचा निवाडा वाचताना एकच आकडा टिपू नका. कंपनीने किती द्यायचे आणि मालकाने किती, हे दोन वेगळे रकाने करा. निवाड्यातला आकडा आणि घरात आलेला आकडा यांत त्या काळी फार अंतर असू शकत होतं.

या मर्यादेवरचा एक निकाल मुळातून वाचण्यासारखा आहे. अहमदाबादला एका ट्रकने रिक्षाला धडक दिली, रिक्षाचालक गेला आणि प्रवासी जखमी झाला. कायद्यात शब्द होते ‘कुठल्याही एका अपघातात’ २० हजार. कंपनी म्हणाली अपघात एक, म्हणून दोघांत मिळून २० हजार. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी १९८१ मध्ये याचा अर्थ उलटा लावला. अपघात ट्रकच्या बाजूने मोजला तर एक असेल, पण ज्याला तो झाला त्याच्या बाजूने मोजला तर प्रत्येकाचा अपघात वेगळा. म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र मर्यादा. मोटर ओनर्स इन्शुरन्स कंपनीचा हा खटला विमा कायद्याच्या वर्गात शिकवतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही तो वाचावा, कारण कायद्याचा एकही शब्द न बदलता भरपाई दुप्पट कशी होते ते त्यात दिसतं. पुढे १९८८ च्या कायद्याने मृत्यू आणि इजेसाठीची ही वरची मर्यादा काढूनच टाकली. तो कायदा १ जुलै १९८९ पासून लागू आहे.

जाता जाता एसटीबद्दल. सोलापूर जिल्ह्यातल्या निवाड्यांत सामनेवाले म्हणून अनेकदा विमा कंपनी दिसत नाही, थेट राज्य मार्ग परिवहन महामंडळ दिसतं. नोंद अपुरी आहे असं समजू नका. सरकारी परिवहन उपक्रमांना विमा न काढता स्वतःचा निधी ठेवण्याची मुभा कायद्यातच आहे. एसटी स्वतःची विमा कंपनी स्वतःच असते म्हणा ना.

आता येते खरी वजावट, जिने मला चकवलं. हिच्यात जखमीने किंवा मृताने स्वतः काढलेल्या विम्याचे पैसे भरपाईतून वजा होतात.

याचं मूळ थेट १८४६ च्या इंग्लंडमध्ये आहे. लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने अपघातात मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला पहिल्यांदा भरपाई मागता आली. पण भरपाई फक्त आर्थिक नुकसानीची. मग प्रश्न आला, माणूस गेल्यामुळे विम्याचे पैसे मिळाले तर तेवढं नुकसान कमीच झालं ना? १८५७ मध्ये एका रेल्वे अपघाताच्या खटल्यात खुद्द लॉर्ड कॅम्पबेल यांनीच ज्यूरीला सांगितलं की अपघात विम्याची रक्कम वजा करा. जिवंत जखमीबाबत मात्र १८७४ च्या ब्रॅडबर्न खटल्यात उलट निकाल आला. जखमीने स्वतःच्या पैशाने काढलेला विमा रेल्वेच्या फायद्याला येऊ नये. म्हणजे माणूस जगला तर विमा त्याचा आणि मेला तर विम्याचा लाभ रेल्वेला! ही विसंगती इंग्लंडने १९०८ च्या कायद्याने मृत्यूच्या बाबतीत दूर केली.

आपण मात्र मागे राहिलो. १८४६ च्या कायद्याची भारतीय प्रत म्हणजे १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा. इंग्लंडने १९०८ ला केलेला बदल इकडे आला नाही. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघातांसाठी न्यायाधिकरणं आली, पण भरपाई मोजायची नजर १८५५ चीच राहिली. एका बाजूला तोटा, दुसऱ्या बाजूला मृत्यूमुळे झालेला फायदा, दोन्ही तराजूत घालायचे. ‘फायद्या’च्या पारड्यात एलआयसीची पॉलिसी जाऊन बसे. काही उच्च न्यायालयं ती वजा करत, काही नाही.

हा गोंधळ ज्या खटल्याने संपवला तो महाराष्ट्राचाच, एसटी महामंडळाविरुद्धचा रिबेलो खटला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९८ चा. आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असं न्यायालयाने ठरवलं. कारणं दोन दिली आणि ती वेगवेगळी आहेत हे लक्षात घ्या. पहिलं कारण: विम्याचे पैसे अपघातामुळे मिळालेले नाहीत. माणूस आजारपणाने गेला असता तरी मिळाले असते, जगला असता तर मुदतीनंतर मिळाले असते. दुसरं कारण: ते पैसे त्याने स्वतः हप्ते भरून करारातून मिळवले, धडक देणाऱ्याने त्यात एक पैसाही घातला नाही. शिवाय न्यायालय म्हणालं की मोटार वाहन कायदा ‘न्याय्य’ भरपाई द्यायला सांगतो आणि हा शब्द १८५५ च्या कायद्यापेक्षा मोठा आहे.

ही दोन कारणं वेगळी ठेवा, कारण पुढच्या वादाची किल्ली तिथे आहे. हा पुढचा वाद मेडिक्लेमचा. आणि इथे, इतका वेळ बाजूला ठेवलेलं डिडक्टिबल अखेर परत येतं.

आकड्यांनीच बघू. समजा, एका जखमीचं हॉस्पिटलचं बिल चार लाख झालं. त्याच्या आरोग्य विम्यात ५० हजारांचं डिडक्टिबल आहे. मेडिक्लेम कंपनीने साडेतीन लाख दिले, ५० हजार त्याने खिशातून भरले. आता धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीकडून उपचाराच्या खर्चापोटी त्याला किती मिळावेत? मेडिक्लेम वजा करायचा म्हटलं तर फक्त ५० हजार. म्हणजे डिडक्टिबलएवढेच. पॉलिसीत डिडक्टिबल नसतं तर शून्य! वजा करायचा नाही म्हटलं तर पूर्ण चार लाख आणि डिडक्टिबल किती होतं याला काही अर्थ उरत नाही. माझा पहिल्या वर्षीचा प्रश्न भारतात कुठे जिवंत असेल तर तो एवढ्याच जागेत.

मुंबई उच्च न्यायालयात या प्रश्नावर न्यायपीठांची मतं वेगवेगळी पडली होती, म्हणून तो तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाकडे गेला. मार्च २०२५ मध्ये पूर्णपीठाने निर्णय दिला: मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही.

मला हा निकाल पटतो. पण विमा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता, हेही तुम्ही लिहिलं पाहिजे. रिबेलोमधलं पहिलं कारण मेडिक्लेमला नीट लागू पडत नाही. आयुर्विमा आज ना उद्या मिळतोच, मेडिक्लेम बिल झालं तरच मिळतो, आणि इथे बिल अपघातामुळेच झालं. एकच बिल दोन खिशांतून भरलं जातंय, हे खोटं नाही. दुसरं कारण मात्र टिकतं. हप्ते जखमीने भरले. वजावट केली तर त्याच्या दूरदृष्टीचा नफा जाईल कुणाला? ज्याच्या गाडीने धडक दिली त्याच्या कंपनीला. आणि ज्याने विमाच काढला नव्हता त्याला पूर्ण बिल मिळेल. मग हप्ते भरणारा तो मूर्ख ठरला का?

सगळ्याच लाभांना हे संरक्षण नाही. मृत सरकारी कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला हरियाणाच्या नियमांनुसार पगाराइतकं अर्थसाहाय्य काही वर्षं मिळतं, ते वजा करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्यता दिली, कारण ते बुडालेल्या पगाराचीच जागा घेतं. २०१८ मध्ये पेन्शन आणि ग्रॅच्युइटी वजा करायची नाही असं पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हा निवाड्यात ‘वजावट’ दिसली की विचारा: हा पैसा कुणी भरला होता आणि तो कशाच्या जागी आला?

उरली ती प्रत्येक निवाड्यात दिसणारी वजावट, एक तृतीयांशची. सोलापूरच्या बहुतेक घरांच्या दृष्टीने हीच महत्त्वाची, कारण विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या घरात मेडिक्लेमचा वाद उपस्थित व्हायला आधी मेडिक्लेम असावा लागतो.

माणूस मेला तर त्याच्या उत्पन्नातून तो स्वतःवर जे खर्च करत होता ते वजा होतं. सरला वर्मा निकालाने २००९ मध्ये याचं कोष्टक घालून दिलं: विवाहित आणि दोन-तीन अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, त्याहून जास्त असतील तर एक पंचमांश, अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मं. जखमी माणसाच्या बाबतीत ही वजावट करायचीच नाही. तो जिवंत आहे, त्याला रोज जेवायचं आहे! २०१० च्या राजकुमार निकालात हे स्पष्ट सांगितलं आहे.

फरक किती पडतो बघा. यंत्रमाग कामगार, वय ३८, महिना १२ हजार, घरी पत्नी आणि दोन मुलं. वर्षाचे १,४४,०००. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की २,०१,६००. तो गेला तर एक तृतीयांश वजा करून १,३४,४००, त्याला गुणक १५, म्हणजे २०,१६,०००. तो वाचला, पण हात गेल्यामुळे कमाईची ताकद ६० टक्के घटली असं न्यायाधिकरणाने धरलं, तर २,०१,६०० चे ६० टक्के म्हणजे १,२०,९६०, गुणिले १५, म्हणजे १८,१४,४००. इथे कुणी सवयीने एक तृतीयांश कापलं तर उरतात १२,०९,६००. सहा लाख चार हजार आठशे रुपये एका ओळीत गेले. यात उपचाराचा खर्च, वेदना वगैरे सदरं धरलेली नाहीत.

६० टक्के हा आकडाही डॉक्टरांच्या दाखल्यातून जसाच्या तसा येत नाही. राजकुमार निकालातलंच उदाहरण आहे: डावा हात गेला तर सुताराचं किंवा ड्रायव्हरचं काम जवळपास संपतं, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. दाखल्यातली टक्केवारी तीच, कमाईतली घट वेगळी. म्हणून निवाड्यातून टक्केवारी टिपताना ती शरीराची की कमाईची, हे लिहून ठेवा.

आणि उत्पन्न? १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावणाऱ्या व्यक्तीचं उत्पन्न वर्षाला १५ हजार धरलं होतं आणि न कमावणाऱ्या पत्नीचं, कमावत्या पतीच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. आता सोलापूर डोळ्यांसमोर आणा. इथे हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांमागे मिळते. पोलिसांच्या कागदात धंद्यापुढे ‘घरकाम’ लिहिलं गेलं तर त्या बाईचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नावरून मोजलं जाऊ शकतं. पीएफचं कार्ड दाखल असेल तर चित्र वेगळं. अशा फाईलमध्ये कुठल्याही वजावटीआधी मोठी वजावट होऊन गेलेली असते आणि ती ‘वजावट’ म्हणून कुठे लिहिलेली नसते. माझ्या प्रबंधाचा आत्ताचा विषय हाच आहे.

शेवटी मोजदाद करणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. १९९४ च्या आधी दावा जिथे अपघात झाला तिथेच दाखल करावा लागे. सोलापूरचा माणूस तेव्हाच्या विजापूर किंवा गुलबर्गा जिल्ह्यात जखमी झाला तर त्याची फाईल कर्नाटकात. १९९४ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार राहतो तिथेही दावा करता येऊ लागला आणि त्याच दुरुस्तीने दाव्याची मुदतही काढून टाकली. त्यामुळे सीमेवरच्या जिल्ह्यात १९९४ नंतर दावे वाढलेले दिसले तर लगेच ‘अपघात वाढले’ असं लिहू नका. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली, तेव्हा उलट दिशेची चूकही होऊ शकते.

आणि नोंदी घेताना जखमींची नावं तुमच्या तक्त्यात आणू नका, क्रमांक द्या. एका तक्त्यात क्रमांक, वर्ष, वय, धंदा, आणि वजावटीचे पाच वेगळे रकाने: स्वतःचा खर्च, विमा, पेन्शन किंवा नोकरीचे लाभ, जखमीच्या स्वतःच्या चुकीपोटी कापलेले टक्के, आणि १९८९ पूर्वीच्या फाईलींसाठी कंपनीच्या मर्यादेच्या वरची रक्कम. ‘डिडक्टिबल’चा रकाना मी पहिल्या तक्त्यात ठेवला होता. तो अजून रिकामाच आहे.